खणाखणानं घर: बाळीवेशीतल्या रिकाम्या जागेच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

आज जागा नीट पाहिली. सोलापूरच्या बाळीवेशीतून आत शिरल्यावर तिसऱ्या वळणाला, दोन जुन्या घरांच्या मधे. वेडी बाभळ, एरंड, पांढऱ्या मातीचे ढीग आणि शेजारच्यांनी लावलेल्या चार दुचाक्या. पाच वर्षांपूर्वी पावसाळ्यात वाडा मागच्या बाजूनं खचला, महापालिकेची धोकादायक इमारतीची कलम २६४ ची नोटीस लागली आणि उरलेला भाग मालकांनी स्वतःच उतरवून घेतला. सागवान विकलं गेलं. देवडीची चौकट तेवढी जागेवर आहे.

रुंदी ३१ फूट, खोली ६८ फूट. फीत गुंडाळताना उत्तरेच्या सामाईक भिंतीकडे लक्ष गेलं. तुळया जिथे टेकल्या होत्या ती भोकं अजून तशीच आहेत, ओळीनं अकरा. दोन भोकांमधलं अंतर घेतलं: ४ फूट ११ इंच. पुढचं ४ फूट १०. मग ५ फूट. मग पुन्हा ४ फूट ११. कुणा सुतारानं दोरी ताणून आखलेलं हे माप, इंचाच्या वर हललेलं नाही.

दोन तुळयांमधली ही जागा, हाच खण. आपल्याकडे घर चौरस फुटांत सांगत नसत. जुन्या खरेदीखतांत ‘माळवदी घर खण ५’, म्हणजे मातीच्या सपाट छताचं पाच खणांचं घर, एवढंच लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याला तेवढ्यावरून सगळं कळायचं. किती तुळया, किती खांब, किती माणसं मावतील. पैसे आले की मागे दोन खण वाढवायचे. सुट्या, सारख्या भागांनी घर बांधायचं म्हणून मी गेलं वर्षभर तक्ते चाळतेय आणि आमच्या पेठेत ते माप भिंतीतच पडून होतं.

७ डिसेंबर, शनिवार

पायी फिरले. बाळीवेस, उत्तर कसबा, मधला मारुती, तिथून कुंभार वेस. माझ्या वहीत चौदा रिकाम्या जागा भरल्या. काही इतक्या लहान की चारचाकीसुद्धा उभी राहणार नाही. बहुतेक ठिकाणी कचरा, दोन ठिकाणी वाहनतळ, एके ठिकाणी कोणीतरी शेळ्या बांधल्यात. किल्ल्याच्या बाजूच्या जागा यादीतून काढल्या. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. आमची जागा या दोन्हींच्या बाहेर आहे.

सोलापुरात गरिबांसाठी घरं झालीच नाहीत, असं कोणी म्हणू नये. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. तिथेच रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प झाला, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. कामगारांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून ती मिळवली आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. माझा प्रश्न वेगळ्या माणसांचा आहे. चाटी गल्लीत गठ्ठे वाहणारा हमाल, टिळक चौकात पहाटे पाचला भाजी लावणारी बाई, कापडाच्या दुकानातला नोकर. यांचं काम पेठेतच आहे आणि ते उठून बाहेर जाणार नाही. त्यांना काढून शहराच्या कडेला नेलं की पेठेत सकाळी दहा ते रात्री नऊ दुकानं उरतात, नंतर कुलपं.

१६ डिसेंबर

मालकांच्या घरी बैठक. मालमत्ता पत्रकावर अकरा नावं, त्यातली दोन माणसं वारलेली. तिघं पुण्याला, एक हैदराबादला. थोरले अण्णा सोलापुरातच असतात, त्यांच्याशिवाय हे पुढे सरकलंच नसतं.

शिवाय दोन भाडेकरू. एक शिंपीकाका, देवडीशेजारी त्यांचं मशीन होतं. दुसऱ्या अक्का. पडवीत राहून कडक भाकऱ्या करायच्या आणि मधल्या मारुतीच्या दुकानांत द्यायच्या. आता विडी घरकुलात भावाकडे असतात. भाकऱ्यांचं टोपलं घेऊन रोज शेअर रिक्षानं येतात, जाण्यायेण्याला साठ रुपये. पुण्याच्या एका वारसाचं म्हणणं असं, की वाडाच पडला तर भाडेकरू कसला. त्यांना शांतपणे सांगितलं, की वास्तू पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलंय. ते गप्प झाले. अण्णा म्हणाले, “कायद्याचं राहू दे. अक्का चाळीस वर्षं आमच्यात राहिली. तिला सोडून घर बांधायचं नाही.”

यावर पुढचं सगळं ठरलं. सहा घरं. दोन घरं सगळ्या वारसांना मिळून, एक अक्कांना, तीन पेठेत काम करणाऱ्यांना. शिंपीकाकांना घर नको, दुकान हवंय. हक्कसोडपत्रं आणि वारस नोंदी कोण कधी करणार, याची यादी केली. मला वाटतं, बांधकामापेक्षा जास्त महिने ही यादीच खाणार.

४ जानेवारी २०२५

तयार घरांचे पर्याय एकदाचे निकालात काढले. देशात २०२१ साली सहा शहरांत नव्या तंत्रानं घरं बांधायचे लाइट हाउस प्रकल्प सुरू झाले: इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा, लखनौ. रांचीत आख्खी खोलीच कारखान्यात ओतून क्रेननं रचली. चेन्नईत काँक्रीटचे सुटे भाग जागेवर जोडले. कामं मोठी आहेत, पण ती मोकळ्या मैदानातली आहेत. जुन्या शहरातलं उदाहरण हवं म्हणून बार्सिलोनाचं पाहिलं. तिथल्या जुन्या गावात, अगदी चिंचोळ्या वस्तीत, २०१९ साली महापालिकेनं मालवाहू कंटेनर रचून बारा घरं उभी केली. वाढत्या भाड्यामुळे वस्ती सोडावी लागणाऱ्यांना तिथेच ठेवायचं, हा उद्देश. लंडनमध्ये लेविशॅमच्या पालिकेनं २०१६ मध्ये रिकाम्या जागेवर चोवीस घरं अशी बांधली, की पुढे उचलून दुसरीकडे नेता येतील. उद्देश आमचाच आहे, म्हणून दोन्हींचे नकाशे भिंतीवर लावलेत.

पण कंटेनर आठ फूट रुंद असतो. आज सकाळी गल्ली मोजली. दुसऱ्या वळणावर एका घराचा ओटा पुढे आलाय, तिथे ७ फूट ४ इंच. वर विजेच्या तारा. क्रेन उभी करायला जागा नाही. छोटा टेम्पो तिथपर्यंत येतो, वळत नाही. तो ओटा फोडायचं कोणीतरी सुचवलं. मी नाही म्हटलं. त्या ओट्यावर संध्याकाळी सहा म्हाताऱ्या बसतात.

म्हणजे अट उलटीकडून लागली: जे माणसांना हातांनी उचलता येईल आणि हातगाडीवर मावेल, तेच आपल्या घराचा भाग. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेची एक जुनी पद्धत आहे, तिच्यासाठी १३९९४ क्रमांकाचं भारतीय मानकही आहे. काँक्रीटच्या छोट्या तुळया आणि त्यांवर काँक्रीटच्या फळ्या. फळी जास्तीत जास्त दीड मीटर लांब, एक फूट रुंद, वजन पन्नास किलोच्या आसपास. फळ्या टाकल्या की वर सळई अंथरून पातळ काँक्रीट ओतायचं. सेंटरिंगच्या फळकुटांचं जंगल लागत नाही.

दीड मीटर म्हणजे ४ फूट ११ इंच. आकडा पाहून वही उघडली आणि २ डिसेंबरची नोंद पुन्हा वाचली. रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही.

११ जानेवारी

आराखडा बसला. खण दीड मीटर बाय ३.६ मीटर. तीन खण रुंद, दोन खण खोल, असं सहा खणांचं घर. मध्य ते मध्य ४.५ बाय ७.२ मीटर, भिंती वजा जाता आत ३० चौरस मीटर चटईक्षेत्र. मागे दोन घरं, पुढे एक, मधे चौक, वर पुन्हा तसंच. पुढच्या घराशेजारी एका खणाची देवडी, जुन्या चौकटीसकट, आणि दोन खणांचं शिंपीकाकांचं दुकान. देवडी आणि दुकानाच्या डोक्यावर उघडं माळवद ठेवलंय.

२१ जानेवारी

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे, मुख्य दिवस संपले. यात्रेच्या दिवसांत गावातलं कोणतंच काम हलत नाही आणि हलूही नये. नंदीध्वज, यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिसले तेव्हा अक्का बाजूला उभ्या होत्या. हात जोडून म्हणाल्या, “पुढल्या साली हितनंच बघते की.” मी होकार दिला नाही. वारसांच्या सह्या अजून चार बाकी आहेत.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक बंद शेड भाड्यानं मिळाली. फळ्यांचे लोखंडी साचे करायला दिले.

६ फेब्रुवारी

जमिनीचा अंदाज घ्यायला काल चार खड्डे घेतले. वरची सहा-सात फूट नुसती भरावाची पांढरी माती, खाली थोडी काळी, नऊ फुटांवर कडक मुरूम. तिसऱ्या खड्ड्यात पहार एकदम आत गेली आणि बिगारी पोरगा दचकून मागे सरला. दगडी झाकण, दोन फूट रुंद तोंड. धान्य साठवायचं पेव.

आमच्या गवंडीमामांनी सगळ्यांना लांब केलं. कंदील दोरीला बांधून खाली सोडला. सहा फुटांवर ज्योत बारीक झाली, आठ फुटांवर विझली. मामा एवढंच म्हणाले, “उतरायचं न्हाई.” त्यांच्या लहानपणी गावाकडे ज्वारी काढायला पेवात उतरलेले दोघं भाऊ वर आलेच नव्हते. दिवसभर तोंड उघडं ठेवलं, आज सकाळी कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हा बॅटरी सोडून पाहिलं. सुरईसारखा आकार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. बाजूंना लिपण, तळाला काळा पडलेला कडबा. अकरा फूट.

हे नेमकं अक्कांच्या घराच्या मधल्या भिंतीखाली येतंय. मातीनं भरलं तर पावसाळ्यात बसत जाणार, कारण पोटात दाबायला हात पोचत नाही. म्हणून दगड आणि कमी सिमेंटचं काँक्रीट थराथरानं सोडून तोंडापर्यंत भरायचं, आणि वरून जाणारी जोत्याची तुळई दोन्ही बाजूंच्या मुरमापर्यंत गेलेल्या खांबांवर टेकवायची. मालकांना वाढीव खर्च सांगितला. मला मात्र खड्डे घेतल्याचं समाधान आहे. पेठेतल्या प्रत्येक रिकाम्या जागेत पेव नाहीतर आड असणारच, असं धरूनच पैसे बाजूला काढायला हवेत.

१७ फेब्रुवारी

शेवटची सही हैदराबादहून टपालानं आली. परवानगीची फाइल दाखल.

२४ फेब्रुवारी

फळ्यांचा पहिला घाणा, चाळीस. त्यातल्या सतरा वाया गेल्या. साच्यांपैकी काहींचा एक कोपरा सहा मिलिमीटर उचललेला होता. फळी तुळईवर ठेवली की डुगडुगते. साचे करून देणाऱ्यानं आधी नाकारलं, मग गुण्या लावून दाखवल्यावर दुरुस्त करून दिले. चूक माझीही आहे, साचा ताब्यात घेताना सपाट काचेवर ठेवून पाहायला हवा होता. आता प्रत्येक साचा आठवड्याला तपासायचा, अशी वही केलीय. वाया गेलेल्या फळ्या मोडल्या नाहीत. त्या चौकातल्या फरशीखाली जातील.

दुसरी अडचण पाण्याची. शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यात काँक्रीटला पाणी मारत बसणं म्हणजे कोणाच्या तरी हंड्यातलं घेणं. शेडमध्ये बोअर आहे. तिथे हौद बांधून फळ्या चौदा दिवस बुडवून ठेवतोय. तेच पाणी पुढच्या घाण्याला. जागेवर पाणी फक्त जोत्याला आणि वरच्या थराला लागेल. कारखान्यात भाग करण्याचा सोलापुरातला खरा फायदा मला हा वाटतो. वेग वगैरे नंतर.

१३ मार्च

शेडमध्ये नमुन्याचा एक खण उभा केला. दोन तुळया, बारा फळ्या. तुळई दोनशे किलोच्या वर भरते, सहा जणांनी खांद्यावर घेतली. फळ्या दोघांनी दिल्या. पाऊण तासात खण झाकला.

गवंडीमामा खाली जाऊन उभे राहिले. त्यांचं वय सत्तरीला आलेलं, तरुणपणी वाडे दुरुस्त करायचे. वर बघत एका फळीवरून दुसऱ्या फळीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “ताई, ह्ये स्लॅब कुठं हाय? ह्ये कडीपाट हाय. लाकडाचं होतं त्ये शिमिटचं झालं.” पुढे त्यांनीच शिकवायला सुरुवात केली, फळी कोणत्या टोकाकडून मांडत यायची, सांधा कुठे येऊ द्यायचा नाही. बाहेरून माणसं आणायची गरज नाही, हे मला त्या क्षणी पटलं. पेठेतल्या गवंड्यांच्या हातात हे काम आधीपासून आहे.

एकाच गोष्टीवर मी अडून बसले. जुन्या माळवदावर फूट-दीड फूट माती असायची आणि भिंती दगड-मातीच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती त्या वजनाखाली. त्याची झळ आपल्या जिल्ह्यालाही लागली होती. सुट्या फळ्या नुसत्या ठेवून चालणार नाही. प्रत्येक तुळईतून वर काढलेल्या सळया, त्यांत गुंतलेली जाळी, वरचं काँक्रीट आणि चारही बाजूंनी फिरलेला पट्टा, असं एकजीव झालं तरच सगळं छत भिंतींना धरून ठेवतं. जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे तीन पट्टे. मामांना हा खर्च जास्त वाटत होता. त्यांना किल्लारी आठवत होतं, जास्त बोलावं लागलं नाही.

२ एप्रिल

परवानगी हातात पडली. खोदाई सुरू. दक्षिणेच्या शेजाऱ्यांच्या भिंतीला तिरके टेकू दिले, त्यांनी दोन रात्री झोप लागली नाही म्हणून सांगितलं. टेकू वाढवले आणि तिथले खड्डे एक सोडून एक खणायचं ठरवलं.

१९ एप्रिल

पारा चाळिशीच्या वर. नमुन्याच्या खणाखाली दुपारी तीनला पाच मिनिटं उभं राहवेना. काँक्रीट एकूण चार इंच जाडीचं, दिवसभर तापून संध्याकाळी खाली आग ओकतं. माळवदाखाली असं कधी झालं नसतं. जुन्या घरात राहिलेली माणसं या खोलीत येऊन आम्हांला मनातून दोष देतील, आणि बरोबरच असेल ते.

म्हणून आठ दिवसांपूर्वी अर्ध्या खणावर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला कोबा घातला, त्यावर फुटक्या पांढऱ्या फरश्यांचे तुकडे बसवले. आज दुपारी तीनला दोन्ही भागांखाली हात लावून पाहिलं. कोऱ्या भागाला हात टेकवत नाही, कोब्याखाली कोमट. वजन वाढतं, पण मातीच्या थराच्या तुलनेत फार थोडं. वरच्या मजल्याच्या सगळ्या छतांना कोबा धरला. चौकामुळे वारा खेळेल, खिडक्या समोरासमोर आहेत.

८ मे

पैशाची बाजू. घरामागे साधारण आठ लाख येतील. १ सप्टेंबर २०२४ पासून पंतप्रधान आवास योजनेचा शहरी भागाचा दुसरा टप्पा सुरू आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख मिळतात, राज्याचा वाटा वेगळा. पण जागा स्वतःच्या नावावर हवी. अक्कांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, भाडेपावत्या सोडून. अण्णांनी अविभक्त हिश्शाचा करार नोंदवून दिला. दुय्यम निबंधकांकडे अक्कांनी सही केली. तेलुगूत करते म्हणाल्या, तशीच केली. सावकाश, प्रत्येक अक्षरावर थांबत.

बाहेर आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघराबद्दल विचारलं. गॅसवर कडक भाकरी होत नाही, चूल लागते आणि भाकरी वाळवायला ऊन लागतं. आराखड्यात चूल नव्हती. हा माझा मोठाच विसर. माळवदाच्या कोपऱ्यात धुराड्यासह चूल धरली, त्याखाली आडवी तुळई एक जास्त.

२३ मे

अवकाळी पाऊस. जोत्याची कामं उरकली होती म्हणून वाचलो. चौकात पाणी साचलं, त्यानिमित्तानं उतार कुठे चुकलाय ते आत्ताच कळलं. शोषखड्डा दोन फूट पूर्वेला सरकवला.

१८ जून

अक्कांच्या घरावर तुळया चढल्या. सकाळी सहाला हातगाड्या निघाल्या, दुकानं उघडायच्या आत गल्ली मोकळी करायची होती. ओट्याच्या वळणावर गाडी थांबवून फळ्या दोघा-दोघांनी उचलून पलीकडच्या गाडीवर घेतल्या. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी दोघी एवढ्या लवकर येऊन बसल्या होत्या आणि मोठ्यानं मोजत होत्या. बारा झाल्या की “एक खण” म्हणायच्या.

नऊपर्यंत चार खण झाकले. पाचव्यात तीन फळ्या डुगडुगत होत्या, त्या उतरवून खाली मसाल्याचा थर पुन्हा दिला. सहावा खण दुपारी.

उत्तरेच्या भिंतीतली जुनी भोकं मामांनी बुजवू दिली नाहीत. नव्या तुळयांमधलं अंतरही त्या भोकांइतकंच आहे. बघितलं की जुनी रांग आणि नवी रांग एकाच मापाची दिसतात.

उद्या सळई आणि जाळी. परवा पाऊस नसला तर वरचं काँक्रीट. शेजारच्या घरासाठी बहात्तर फळ्या हौदातून काढून ठेवायला शेडवर फोन केलाय.